दिंगरीला कोणी विचारू नये

"मावशी, हा केवढ्याला?"

"साडेआठशे."

"साडेआठशे? एवढ्यात काय मेंढीबी येती का सोबत?"

"मेंढी घोडेगावच्या बाजारात भेटते. इथे फक्त लुधियाना भेटते."

गिऱ्हाईक हसलं. बाईमाणूस होतं, कडेवर पोरगं, पोराला सर्दी. डिकीमावशीने लाल स्वेटर पोराच्या अंगाला लावला आणि बाह्या ओढून दाखवल्या. "बघ, पुढच्या वर्षीपण येते. वाढत्या अंगाचा आहे." जानेवारीतली नगरची सकाळ होती. स्वेटरवाल्यांचे तंबू नुकते उघडत होते, आणि घासाघीस आता कुठे रंगात येणार होती. एवढ्यात शेजारच्या दुकानातली पेमा मोबाईल घेऊन आली आणि डिकीमावशीला आईच्या मानाने हाक मारत तिबेटीत म्हणाली, "आमा-ला, दिंगरीत भूकंप झालाय. घरं बसलीत म्हणे. माणसं गेलीत."

डिकीमावशीने स्वेटरची घडी घातली, आणि मग मोडली.

"मावशी, सातशेला द्या की."

"घेऊन जा."

"काय?"

"द्यायचं ते दे. जा, बाप्पा, घेऊन जा."

गिऱ्हाईक घाबरलं. इतके हिवाळी सीझन या बाईकडून दहा रुपये कमी करून घेताना नगरच्या भल्या भल्या बायकांच्या नाकी नऊ आले होते. ती अशी "द्यायचं ते दे" म्हणाली म्हणजे स्वेटरला कुठेतरी भोक असणार. त्या बाईने स्वेटर उलटा करून, उजेडात धरून बघितला आणि ठेवून निघून गेली.

डिकीमावशीच्या ते लक्षातही आलं नाही. तिबेटातल्या त्या दिंगरीत तिची थोरली बहीण होती, यांगझोम.

*

डिकी तिचं खरं नाव. पहिल्या वर्षी केडगावात खोली बघायला आली तेव्हा घरमालकीण लंकाबाईने विचारलं होतं, "डिकी? मोटारीची?" आणि अंगणातल्या सगळ्या बायका फिसकन हसल्या होत्या. तेव्हापासून तिला कोणी 'मोटारमावशी' म्हणे, कोणी 'नेपाळीण'. नेपाळीण म्हटलं की मात्र ती चिडायची. "नेपाळ आमच्या खिंडीच्या पलीकडे. मी अलीकडची. तू पुण्याची का? मग मी नेपाळची काहून?"

हे 'काहून' तिला गोंदियाकडून मिळालं होतं. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत तिचं उमेदीचं सगळं आयुष्य गेलं. मक्याची शेती, नवरा, नवऱ्याचं मरण, सगळं तिथेच. मूलबाळ झालं नाही. दिवाळी झाली की लुधियानाचा माल उचलून नगरला यायचं, थंडी उतरली की परत जायचं. असं करता करता ती म्हातारी झाली. तिच्या मराठीत झाडीपट्टी, हिंदी आणि केडगाव अशी तिन्ही गावं एकत्र नांदत होती. तिच्या तोंडी बहीण 'माझा' व्हायचा आणि स्वेटर 'माझी'.

लंकाबाईने तिला खोली दिली ती एका गमतीने. लंकाबाईचा नवरा घोडेगावच्या बाजारात बैलांचा दलाल होता. एक दिवस अंगणात तो आणि एक शेतकरी रुमालाखाली हात धरून बसलेले. बोटं दाबून भाव चाललेला, तोंडाने चकार शब्द नाही. डिकी खोली नको म्हणून निघाली होती, ती तिथेच थांबली. म्हणाली, "आमच्या गावात असंच करते. पण रुमाल नाही. बाही. लांब बाही असते ना, त्याच्या आतमध्ये." आणि तिने आपला हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला. "माझा बाप असाच दलाल. झोचा. मिठाचा."

"झो म्हंजी काय गं?"

"याक आणि गाय यांचं पोरगं."

"म्हंजी तू आमच्याच धंद्यातली की!" लंकाबाई म्हणाली, आणि खोलीची किल्ली तिच्या हातात दिली.

पुढे दर हिवाळ्यात डिकी चुलीपाशी बसून दिंगरी सांगायची. लंकाबाईची सून सत्यशीला तेव्हा नवी नवरी होती. ती भाकरी थापता थापता ऐकायची, आणि ऐकून ऐकून तिला दिंगरी आपल्या माहेरापेक्षा जास्त पाठ झाली.

दिंगरी म्हणजे टेकडीच्या पोटाला चिकटलेली घरं. टेकडीवर मोडका किल्ला. गोरख्यांच्या लढाईत पडला तो पडलाच, तो परत उभा करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. खाली सपाट माळ, माळावर पाणथळ, आणि पलीकडे छो ओयुचा पांढरा डोंगर. उत्तरेकडून याकांच्या पाठीवर मीठ आणि लोकर यायची. दक्षिणेकडून नांगपाची बर्फाची खिंड ओलांडून शेर्पा लोक यायचे. त्यांच्याकडे तांदूळ, मका, लोखंडी कढया, भिक्षूंची वस्त्रं रंगवायची मुळं, आणि झोंचे कळप. टेकडीच्या पायथ्याला हे दोन मुलूख एकमेकांना भेटायचे आणि बाहीत हात घालून भांडायचे. याकच्या शेपट्यासुद्धा तिथून खाली जायच्या.

"शेपट्या कशाला?"

"तुमच्या देवाची चवरी कशाची असते?"

लंकाबाईने देवघराकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं बया! देवावर शेपूट फिरवतो व्हय आमी?"

"चांगल्या याकची आहे," डिकी म्हणाली. "माझा बाप वाईट माल देत नव्हता."

आणि मग ती नेत्सांगची गोष्ट सांगायची. परमुलखातल्या व्यापाऱ्याचं दिंगरीत एक ठरलेलं घर असायचं, त्या घराला आणि घरधन्याला नेत्सांग म्हणत. बाप जिथे उतरायचा तिथेच मुलगा उतरायचा. जेवण, अंथरूण, जनावरांचा चारा, सगळं त्या घराने बघायचं. पण खरी गोष्ट पुढेच होती. पाहुण्याने बाजारात स्वतः तोंड उघडायचं नाही. भाव विचारायचा तो नेत्सांगने. हरवलेलं जनावर शोधायचं ते नेत्सांगने. कोण जगलं, कोण मेलं, ही चौकशीसुद्धा त्यानेच करायची, आणि पाहुण्याने सांगायची वाट न बघता करायची. पाहुणा दिंगरी सोडून त्याच्या देशी गेला, आणि कधी दिंगरीचा माणूस त्याच्याकडे उतरला, तर तो याचा नेत्सांग.

"म्हंजी तुमची नेत्सांग मी," सत्यशीला म्हणायची.

"आधी तुझी सासू. आता तू. पुढे तुझ्या करणची बायको."

"ती तुमाला खोलीत घेतीय व्हय! तिला ब्लॉक पाहिजे, अटॅच संडास पाहिजे."

दोघी हसायच्या. गोष्टीचा उरलेला भाग डिकीने पुष्कळ वर्षं सांगितलाच नव्हता.

*

तो भाग तिने या जानेवारीत सांगितला, भूकंप झाल्यावर. सांगावाच लागला, कारण सत्यशीला ऐकेना.

"आवं पन विचारा की कुनाला तरी! हातावर हात ठिऊन काय बसलाय?"

दुसऱ्या दिवशीची दुपार होती. डिकीमावशी दुकानावर गेली नव्हती. गठ्ठ्यांच्या मधोमध बसून मोबाईलवरच्या त्याच त्या चित्रांकडे बघत होती. मातीच्या घरांचे ढीग, ढिगांवर नारिंगी कपड्यातली माणसं, बर्फासारखा उजेड. चित्रं दिंगरी तालुक्याची होती. तिच्या टेकडीची होती की आणखी कुठल्या गावाची, ते कळत नव्हतं.

"सत्या, विचारायचं नसते."

"का नसतंय? आमच्याकडं कुनाच्या घरी जरा काय झालं तर गाव गोळा होतंय. विचारायलाबी आलं न्हाई म्हनून जन्माचं बोलनं तुटतंय."

"आमच्याकडे विचारलं म्हणून माणूस तुटते."

आणि तिने सांगितलं. ती अकरा-बारा वर्षांची असताना आई तिला घेऊन रात्रीतून निघाली. खिंड पार केली, आणि पलीकडे शेर्पांच्या गावात बापाच्या जुन्या नेत्सांगच्या घरी, आंग न्यिमाकडे, उतरली. बाप मागे राहिला, कारण आजी चालू शकत नव्हती. यांगझोम बापासोबत राहिली, कारण बापाला भाकरी कोण करणार. बापाने चिनी चौकीवर सांगून टाकलं, बायको आणि धाकटी पोरगी बर्फात मेल्या. चौकीवाल्यांनी मान्य केलं. पळून गेलेल्या बायकोचा नवरा म्हणजे गुन्हेगार. मेलेल्या बायकोचा नवरा म्हणजे नुसता रंडका.

वर्षभर आई रडायची. तिने आंग न्यिमाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पण तो नेत्सांग होता. पुढच्या खेपेला झो घेऊन दिंगरीला गेला आणि भर बाजारात त्याने विचारलं, "आमचा दलाल कुठाय? बरा आहे का? त्याची बायको माझ्या घरी त्याच्या काळजीने वाळून चाललीय."

"मग?"

"मग काय. बापाला नेलं. परत नाही आला."

सत्यशीलाने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आंग न्यिमाने वाईट नाही केलं," डिकीमावशी म्हणाली. "त्याने चांगलंच केलं. आईने त्याला शिवीपण नाही दिली. तेव्हापासून आमच्या घरात ठरलं, दिंगरीला कोणी विचारायचं नाही. ते बोलतील तेव्हा बोलायचं."

आणि ते बोलले होते, पन्नासहून जास्त वर्षांनी. चिनी ॲप आलं आणि यांगझोमच्या मुलाने, धोंडुपने, कुठून कुठून शोध लावून एक दिवस व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर एक सुरकुतलेली बाई आली. दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग यांगझोम म्हणाली, "दात किती राहिलेत?"

"चार."

"माझे सहा. मी जिंकले."

एवढं बोलून दोघींनी रडून घेतलं. पुढे अधूनमधून फोन व्हायचे. बोलायचं ते हवापाण्याचं, सांध्यांचं, कुत्र्याचं. बापाचं नाही, खिंडीचं नाही, कोणत्याच सरकारचं नाही. मग ते ॲप भारतात बंद झालं. शेवटच्या कॉलमध्ये धोंडुपच म्हणाला होता, "मावशी, आता तुम्ही करू नका. जमेल तेव्हा मीच करीन." त्यालाही वर्षं झाली.

"मग आता?" सत्यशीलाने विचारलं.

"आता आमचे गेशे-ला मला विचारतात."

गेशे थुबतेन गोठणगावच्या मठातले विद्वान भिक्षू, आणि 'ला' म्हणजे आपला 'जी'. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला होता. यांगझोमसाठी पाठ कोणता करायचा? जिवंत असेल तर दीर्घायुष्याचा. गेली असेल तर दर सातव्या दिवशी दिवा आणि वाटेचा पाठ, एकोणपन्नास दिवस. गेलेल्या माणसाला आपण मेलोय हे लवकर कळत नाही. तो घराभोवती हिंडत राहतो. कोणी वाट वाचून दाखवली तरच पुढे जातो.

"दोन्ही करा म्हनावं! खर्चाचं मी बघते."

"दोन्ही नाही होत, सत्या. जिवंत माणसासाठी मेल्याचा दिवा लावला तर त्याची दोरी कापली. मेलेल्यासाठी जगण्याचा पाठ केला तर त्याचा पाय इथेच बांधला. आई असं सांगायची." तिने मोबाईल पालथा घातला. "मला सांगायला पायजे, जिवंत का मेलेला. मीच सांगायला पायजे. दुसरा कोण आहे?"

*

संक्रांत झाली. पहिला सातवा दिवस गेला, दुसराही गेला. गेशे फोन करत, डिकीमावशी "अजून नाही" म्हणे. दुकानावर बसायची पण विकायची नाही. कोणी भाव विचारला की समोर बघत राहायची. पेमा म्हणाली, "आमा-ला, बेल्जियममध्ये माझा भाऊ आहे, तो तिकडून..." तिने पुरतं बोलूच दिलं नाही. "तिबेटी माणसाने तर मुळीच नाही!"

सत्यशीला ताटात वाढायची आणि ताट तसंच उचलायची. एकदा अंगणात उभी असलेली डिकीमावशी दाराकडे बघून तिबेटीत काहीतरी पुटपुटत होती.

"कुनाशी बोलताय?"

"यांगझोमशी. म्हटलं, आली असशील तर उंबऱ्यात थांबू नको. आत ये. बाहेर कुत्रे आहेत."

सत्यशीला मोरीत जाऊन रडली. आणि त्याच दिवशी तिने ठरवलं.

तिचा मुलगा करण सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला होता. लिऊ त्याचं नाव. मोबाईलवर भाषांतर करून करणशी गप्पा मारायचा, त्याच्या डब्यातला ठेचा खाऊन नाक पुसायचा आणि पुन्हा मागायचा. मागच्या वर्षी डिकीमावशीने नवा मोबाईल घेतला तेव्हा जुन्यातले नंबर करणनेच उतरवून दिले होते. त्यात धोंडुपचाही नंबर होता.

"आई, आजी नको म्हणालीय ना?"

"ती पाहुनी हाय. तिनं नकोच म्हनायचं असतंय. विचारायचं काम आपलं."

"पण तिने ती वडिलांची गोष्ट..."

"ती गोष्ट साठ वर्सांमागची हाय रे. आता भूकंप झालाय, जगभर बातम्या आल्यात. कुनीबी विचारंल. आन आपन काय तिबेटी न्हाई. तुझा तो लिऊ तर त्यांचाच मानूस. त्यानं विचारलं तर कोन काय म्हननार?"

हेच तिचं चुकलं. तिबेटी माणसाने विचारायचं नाही एवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं; विचारलेलं तिकडे कोण कोण वाचतं, हे राहून गेलं. लिऊ चांगल्या मनाचा होता. त्याच्याही गावी म्हातारी आजी होती. त्याच्या चिनी फोनवर ते ॲप चालत होतं, त्यावर त्याने सगळं नीट, सविस्तर लिहिलं. भारतातल्या अहिल्यानगर नावाच्या शहरात तुमची मावशी डिकी तुमच्या आईच्या, यांगझोमच्या, काळजीने आजारी पडली आहे. तुमची आई सुखरूप आहे का, कृपया कळवा.

*

रविवारी करणला सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमाराला सत्यशीलाने डिकीमावशीला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. तिच्या चेहऱ्यावर अपराधीपणा आणि उत्साह दोन्ही होते. उत्तर आलंय एवढंच करणने तिला सांगितलं होतं. काय आलंय ते त्याने सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, आजीलाच आधी कळावं.

"आजी, धोंडुपमामाचा मेसेज आलाय."

डिकीमावशीने त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला, आणि उजळता उजळता मधेच विझला.

"तुला काहून येईल?"

करणने आईकडे बघितलं.

"करण. तुला काहून येईल मेसेज?"

"मी विचारलं," सत्यशीला म्हणाली. "मी त्याला विचारायला लावलं, मावशी. तुमीच म्हनला हुता, नेत्सांगनं पाहुन्यानं सांगायची वाट बघायची न्हाई..."

"कोणाकडून विचारलं?"

करणने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खाली खाली गेला.

"नाव घेतलं?"

"हो, आजी."

"माझा पण?"

"हो. तुझं, त्यांचं, शहराचं. म्हणजे गल्लत व्हायला नको म्हणून..."

"गल्लत व्हायला नको म्हणून," डिकीमावशी म्हणाली. तिने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. "वाच."

करणने वाचलं. लिऊने भाषांतर करून पाठवलेल्या ओळी होत्या. *तुम्ही कोण आहात माहीत नाही. आमचं भारतात कोणी नाही. आईला एक धाकटी बहीण होती, ती लहानपणीच बर्फात मेली. सरकारने आम्हाला तंबू आणि अन्न दिलं आहे. सर्व ठीक आहे. पुन्हा विचारू नका.*

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"आजी, बघ ना," करण घाईघाईने म्हणाला, "आईला बहीण होती म्हणतो. आई होती असं नाही म्हणत. आणि सगळं ठीक आहे असंही..."

"माझी आई तीस वर्षांपूर्वी मेली. अजून मी तिला आईच म्हणते. दुसरं काय म्हणू?" ती उठून उभी राहिली. "परत लिही. लिही, चूक झाली. दुसऱ्या कोणाचा नंबर होता म्हणून लिही. म्हण, मी दारू पिलो होतो. म्हण, मस्करी केली. लिही ना, बाप्पा!"

"नाही जात, आजी. लिऊने कालच प्रयत्न केला, आभार मानायला. ते खातंच दिसत नाही आता."

"त्याने बंद केलं का दुसऱ्याने?"

"ते कसं कळणार?"

डिकीमावशी अंगणात फिरू लागली. तुळशीपर्यंत, मोरीपर्यंत, परत तुळशीपर्यंत. मध्येच थांबून म्हणाली, "तंबूत आहे धोंडुप. उणे वीस थंडीत. आणि त्याच्या तंबूपाशी कोणीतरी आलं असेल. विचारलं असेल, हे कोण नगरवाले तुला ओळखतात?" पुन्हा चालू लागली. "आणि तो म्हणाला असेल, मावशी मेली. हेच माझा बाप म्हणाला होता. शब्दसुद्धा तेच आहेत, सत्या. बर्फात मेली."

"मावशी," सत्यशीला तिच्या वाटेत आडवी झाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मारा मला. दोन थोबाडीत द्या. पन असं फिरू नगा."

डिकीमावशीने हात उचलला. तो हवेत तसाच राहिला. मग तिने तो सत्यशीलाच्या खांद्यावर ठेवला.

"आंग न्यिमा परत आला तेव्हा आईने त्याला जेवायला वाढलं होतं," ती म्हणाली. "मला तेव्हा आईचा फार राग आला होता. आता मला काय करू समजत नाही. तुला वाढू का? तू जेवली का सकाळपासून?"

सत्यशीला ओट्यावर मटकन बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली. करण आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

*

पुढचे दिवस कसे गेले ते दोघींपैकी कोणीच नीट सांगू शकणार नाही. सत्यशीला दुकानावर बसली, कारण दुकान उघडं ठेवायला कोणीतरी हवं होतं. तिला भाव करता येईना. बायका तिला सहज गुंडाळत होत्या. डिकीमावशी खोलीत झोपून होती. कुणी फोन केला की दचकायची, फोन नाही आला की जास्त दचकायची. कधी वाटे, यांगझोम तंबूत बसलीय, चहात लोणी घालतेय, मुलाला ओरडतेय. कधी वाटे, ढिगाखाली आहे, आणि वाट सांगायला कोणी नाही. भूकंप तरी देवाचा होता. हे मेसेजचं माणसाने केलेलं होतं, आणि तेही तिच्या स्वतःच्या घराने.

सीझन संपला. उरलेला माल गोण्यांत भरला गेला. गोंदियाकडे जायला टेम्पो ठरला. निघायच्या दिवशी दुपारी गेशे थुबतेनांचा फोन आला.

"आमा-ला, अजून थोडेच सातवे उरलेत. एकोणपन्नास उलटले की वाटेचा पाठ करून उपयोग नाही. आज तरी सांगा."

डिकीमावशी रिकाम्या खोलीत उभी होती. भिंतीला जिथे गठ्ठे टेकलेले असायचे तिथला रंग पांढरा राहिला होता. दारात सत्यशीला भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती. तिला तिबेटी कळत नव्हती, पण फोन कशाचा आहे ते कळलं होतं.

"जिवंत म्हणून वाचा," डिकीमावशी म्हणाली.

"काही कळलं का?"

"नाही."

"मग कशावरून?"

"कशावरूनच नाही, गेशे-ला. त्या घरात मी साठ वर्षं मेलेली आहे. माझ्या बापाने मारलं, आता भाच्याने मारलं. त्यांनी जगायला म्हणून मारलं. मला कोणासाठी तिला मारायचंय? माझ्याच्याने नाही होत."

मग गेशे हळूच म्हणाले, "आमा-ला, ती गेली असेल तर तिला कोणी सांगणार नाही. ती तिथेच हिंडत राहील. हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"दिंगरीत आता दिवा लावणारे भिक्षू तरी असतील की नाही, ते..."

"कळतंय, गेशे-ला. सगळं कळतंय. दोन चुकांतली एक मला करायचीच आहे. ही करते. वाचा."

त्यांनी विचारलं, नाव कसं घेऊ? तिने सांगितलं. बापाचं नाव, घराचं नाव, मग यांगझोम. दिंगरीत नाव असंच, घरासकट घेतात. मग फोन ठेवला.

"काय म्हनले?" सत्यशीलाने विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"पाठ सुरू करतात उद्या सकाळी."

"कंचा?"

डिकीमावशीने मोबाईल पुन्हा उघडला आणि गेशेंचा नंबर काढला. उद्या सकाळपर्यंत वेळ होता. आत्ता एक शब्द बोललं तर पाठ बदलता आला असता. तिचा अंगठा नंबरावर टेकला, उचलला, पुन्हा टेकला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, "चला मावशी, अंधाराच्या आत औरंगाबाद गाठायचंय," म्हणून ओरडत होता. सत्यशीला गाठोडं छातीशी धरून तशीच दारात उभी होती. आत डिकीमावशी त्या नंबराकडे बघत राहिली.